जानेवारी १९५२चा बीबीसीचा दिवस नाशकात कसा लावावा

बीबीसीचे पन्नासच्या दशकातले कार्यक्रम सुटे सुटे शोधले तर बरेच मिळतात. मिळत नाही तो दिवस. त्या काळी इंग्लंडातल्या घरात रेडिओ सकाळी बातम्यांना लागायचा आणि रात्री झोपताना बंद व्हायचा. मधल्या वेळात माणसं भांडी घासत, कारखान्यात काम करत, मुलांना झोपवत. वाड्याच्या माडीवर, वाचनालयाच्या लहान खोलीत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये असा दिवस उभा करायचा, तर कार्यक्रम गोळा करणं हा सोपा भाग. मेहनत लागते ती घड्याळाला, दोन कार्यक्रमांमधल्या जागांना आणि रेडिओच्या पाठीमागच्या दोन भोकांना.

तारीख आधी, कार्यक्रम नंतर

‘साधारण पन्नास-साठचा काळ’ असं म्हणून सुरुवात केली की खिचडी होते. एक तारीख धरा. जानेवारी १९५२च्या उत्तरार्धातला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार उत्तम. तेव्हा बीबीसीच्या तीन वाहिन्या होत्या. १ सप्टेंबर १९३९ला सुरू झालेली होम सर्व्हिस, २९ जुलै १९४५ला सुरू झालेला हलकाफुलका लाइट प्रोग्रॅम आणि २९ सप्टेंबर १९४६चा थर्ड प्रोग्रॅम. थर्ड संध्याकाळी सहानंतरच लागायचा आणि त्यावर गंभीर संगीत, नाटकं, व्याख्यानं असायची. रेडिओ १, २, ३, ४ ही नावं ३० सप्टेंबर १९६७ची. तुमच्या पत्रकात ‘रेडिओ ४’ छापलं गेलं, तर जाणकार माणूस तिथेच हसेल.

जानेवारी १९५२च का? लहान मुलांचा ‘लिसन विथ मदर’ १६ जानेवारी १९५०ला सुरू झालेला आहे. ‘द आर्चर्स’ ही खेड्यातल्या कुटुंबाची मालिका १ जानेवारी १९५१ला देशभर गेली आणि ३० मार्च १९५१ला ‘डिक बार्टन’ हा साहसकथांचा कार्यक्रम संपल्यावर तिला संध्याकाळी पावणेसातची त्याची जागा मिळाली. ‘द गून शो’ या विनोदी कार्यक्रमाची दुसरी मालिका याच महिन्यात सुरू झाली. शाळा चालू आहेत, त्यामुळे शालेय कार्यक्रमही आहेत. मात्र फेब्रुवारीत सरकू नका. ६ फेब्रुवारीला राजे सहावे जॉर्ज वारले, सव्वाअकराला ती बातमी वाचली गेली आणि त्यानंतर नेहमीचे कार्यक्रम रद्द झाले. तो दिवस लावायचा तर ते वेगळंच काम आहे. रविवारही टाळा, त्याची घडी अगदी निराळी असते.

तारीख ठरली की ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकातली त्या दिवसाची यादी काढा. १९२३ ते २००९ पर्यंतच्या याद्या ‘बीबीसी जिनोम’ या प्रकल्पात इंटरनेटवर आहेत. इथे दोन ठिकाणी फसगत होते. होम सर्व्हिस प्रदेशानुसार बदलायची (लंडन, मिडलंड, उत्तर, पश्चिम, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड), म्हणून एकच प्रदेश धरून चला. लंडन धरलेलं सोपं. दुसरं म्हणजे ही यादी आठवडाभर आधी छापलेली असते. ती ठरवलेला कार्यक्रम सांगते, प्रत्यक्षात काय वाजलं ते नाही.

वेळेचा प्रश्न लगेच येतो. जानेवारीत लंडन ग्रीनविच वेळेवर असतं आणि आपण साडेपाच तास पुढे. लंडनच्या रात्री ९च्या बातम्या म्हणजे नाशकात पहाटेचे २.३०. तिथे उन्हाळी वेळ असेल तर फरक साडेचार तासांचा होतो. १९४१ ते १९४५ आणि १९४७ या वर्षांच्या उन्हाळ्यात तर तिकडची घड्याळं दोन तास पुढे असायची, तेव्हा आजच्या भारतीय वेळेशी फरक साडेतीनच. युद्धकाळातली तारीख निवडणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. हा हिशोब पत्रकात एका ओळीत लिहा आणि बाजूला ठेवा. दिवस नाशकाच्या घड्याळावरच लावायचा. त्यांचे सकाळचे आठ ते आपले सकाळचे आठ.

दिवसाचा सांगाडा

वेळा वर्षागणिक पाचदहा मिनिटांनी सरकत होत्या, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या तारखेच्या यादीचा. पण हाडं साधारण अशी.

सकाळी ७ला होम सर्व्हिसवर बातम्या, ७.५०ला ‘लिफ्ट अप युअर हार्ट्‌स’ हे पाच मिनिटांचं चिंतन, मग हवामान आणि ८ला पुन्हा बातम्या. ९.१०ला लाइटवर ‘हाउसवाइव्ह्‌ज चॉइस’. आपल्याकडच्या ‘आपली आवड’सारखीच पत्रांतून आलेली फर्माईश, फक्त वेळ घरकामाची. १०.१५ला होमवर प्रार्थना. ही १९२८पासून रोज होत असे. १०.३०ला लाइटवर ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ आणि ११ला ‘मिसेस डेल्स डायरी’. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काही ठरलेल्या वारी एखाद्या कारखान्याच्या कँटीनमधून ‘वर्कर्स प्लेटाइम’, १ला बातम्या, १.४५ला ‘लिसन विथ मदर’, २ला ‘वुमन्स अवर’, दुपारच्या उत्तरार्धात पुन्हा ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’, चारच्या सुमारास मिसेस डेलचा नवा भाग. ५ला होमवर ‘चिल्ड्रन्स अवर’, ६ला बातम्या, ६.४५ला लाइटवर ‘आर्चर्स’, ७ला बातम्या आणि ‘रेडिओ न्यूजरील’. मग संध्याकाळचे विनोदी कार्यक्रम, नाटक, वाद्यवृंद. ९ला बिग बेनचे ठोके आणि होमच्या बातम्या. ११ला लाइटवर ‘अ बुक अ‍ॅट बेडटाइम’.

मिसेस डेलच्या बाबतीत हमखास चूक होते. सकाळी ११चा भाग हा आदल्या दुपारचा पुनःप्रसारित भाग असतो. एकाच दिवशी सकाळी आणि दुपारी तोच भाग लावला तर क्रम उलटा होतो. सकाळी आदल्या दिवसाचा आणि दुपारी त्या दिवसाचा, असे दोन भाग हवेत. डॉक्टर नवऱ्याची काळजी करणाऱ्या या बाईची मालिका ५ जानेवारी १९४८पासून चालू होती, त्यामुळे १९५२पर्यंत ऐकणाऱ्याला घरातली सगळी माणसं पाठ होती. आपल्या श्रोत्यांना नसतात. म्हणून भागाआधी निवेदकाने दोन वाक्यांत नाती सांगावीत, जास्त नको.

न सापडणाऱ्या कार्यक्रमांचं काय

बहुतेक कार्यक्रम थेट जात आणि हवेत विरत. ध्वनिमुद्रण करायचं तर तबकडीवर किंवा महागड्या फितीवर, म्हणून जे जपलं गेलं ते निवडक. परदेशी केंद्रांना पाठवण्यासाठी बीबीसी काही कार्यक्रमांच्या तबकड्या काढायची, त्यामुळे विनोदी मालिका बऱ्याच वाचल्या. रोजचे फर्माईशीचे आणि घरगुती गप्पांचे कार्यक्रम जवळजवळ गेलेच. ‘गून शो’च्या पहिल्या काही मालिकांमधलंही थोडंच उरलंय. जानेवारी १९५२चा भाग म्हणून १९५५चा भाग लावणार असाल, तर पत्रकात तसं साल लिहा. या कार्यक्रमाचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ला आपल्या नगरमध्ये जन्मला, लहानपण पुण्यात गेलं. नाशकातल्या श्रोत्यांना ही माहिती दिली की पुढच्या अर्ध्या तासातल्या वेडेपणाला जरा जास्त कान मिळतात.

भरपाई तीन प्रकारांनी करता येते. फर्माईशीच्या जागी १९५२ किंवा त्याआधीच्या ७८ गतीच्या तबकड्यांची मुद्रणं. एक बाजू सुमारे तीन मिनिटांची, म्हणजे ४५ मिनिटांच्या कार्यक्रमाला निवेदन धरून बारा-तेरा गाणी पुरतात. तबकडीवर छापलेलं साल आणि गाणं प्रत्यक्षात निघालेलं साल दोन्ही तपासा. १९५५नंतरचा रॉक अँड रोल एकदा जरी वाजला तरी सगळा काळ पुढे सरकतो.

‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ला खास नियम होते आणि ते पाळले तरच तो ओळखू येतो. जून १९४०मध्ये युद्धसाहित्याच्या कारखान्यांसाठी हा सुरू झाला. अर्धा तास, बोलणं जवळजवळ शून्य, गाण्यामागून गाणं, आवाज एका पातळीत. फार हळू गती नको, कारण हात मंदावतात. ढोलाचे मोठे ठोके नकोत, कारण यंत्रांच्या आवाजात ते ठोकाठोकीसारखे वाटतात. टाळ्या वाजवायला लावणारी एक अमेरिकन धून तर बंदच होती, कारण कामगार हातातली हत्यारं टेबलावर आपटायचे. तुमची यादी करताना ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सगळे तुकडे एका पातळीला आणा आणि दोन गाण्यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त जागा सोडू नका. बाकी दिवसभर जागा सोडायच्या आहेत, इथे नाही.

तिसरा प्रकार म्हणजे स्वतः वाचणं. बातम्या त्या तारखेच्या वर्तमानपत्रांवरून मराठीत लिहून काढा. शांतपणे वाचताना मिनिटाला ११० ते १२० मराठी शब्द होतात, म्हणजे दहा मिनिटांच्या बातमीपत्राला अकराशे-बाराशे शब्द. विशेषणं काढून टाका. वाक्यं छोटी ठेवा, भावना आवाजात नको आणि शेवटी काहीतरी गोड म्हणायचा मोह आवरा. १९४०मध्ये शत्रूने खोटं प्रसारण केलं तर ओळखता यावं म्हणून वृत्तनिवेदक स्वतःचं नाव सांगू लागले होते. युद्धानंतर ती पद्धत गेली. म्हणून १९५२च्या निवेदकाने नाव सांगायचं नाही.

समुद्री हवामानाची बातमी मात्र नक्की ठेवा, ऐकणाऱ्यांना तीच सगळ्यात जास्त आवडते. ती लाइट प्रोग्रॅमच्या १५०० मीटर लाँग वेव्हवरून जायची, कारण ड्रॉइटविचच्या प्रक्षेपकाची ही लहर समुद्रावर दूरवर पोचते. ऐकणारा नावाडी हातात पेन्सिल घेऊन बसलेला असे, म्हणून वाचन लिहून घेता येईल इतकं संथ. क्रम असा: आधी वादळाचा इशारा, मग एकूण स्थिती, मग घड्याळाच्या दिशेने एकेक सागरी विभाग. प्रत्येक विभागाला वाऱ्याची दिशा, वाऱ्याचं बल, हवामान आणि दृश्यता. उदाहरणार्थ: ‘डॉगर, हेलिगोलंड. नैऋत्य वारा, बल ६ ते ७. पाऊस, मग सरी. दृश्यता मध्यम.’ ‘आहे’, ‘राहील’ असली क्रियापदं लावली की सगळी मजा जाते.

इथे आजची यादी उचलणारे हमखास सापडतात. व्हायकिंग आणि फिशर हे विभाग १९५६चे. त्याच वर्षी हेलिगोलंडचं नाव जर्मन बाइट झालं. उत्तर आणि दक्षिण उत्सिरा १९८४चे. फिट्झरॉय हे नाव २००२चं, त्याआधी तो फिनिस्टर होता. १९५२च्या वाचनात हेलिगोलंड आणि फिनिस्टर हवेत, बाकीचे नकोत.

हक्कांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, म्हणून १९५२च्या तबकड्यांचं मुद्रण मोकळं आहे. पण गीतकार-संगीतकाराचा आणि लेखकाचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. निमंत्रितांपुरता, बिनतिकिटाचा कार्यक्रम ठेवा. तिकीट लावणार असाल तर परवाने आधी घ्या.

पिप्स, ठोके आणि रिकाम्या जागा

आता मुख्य काम. ग्रीनविचचा सहा पिप्सचा, म्हणजे सहा छोट्या ‘टूं’ आवाजांचा, वेळसंकेत ५ फेब्रुवारी १९२४पासून आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या बहुतेक मुद्रणांत शेवटचा पिप लांब असतो. तो १९७२पासूनचा. त्याआधी सहाही पिप्स सारखे, प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग. हे स्वतः बनवायला पाच मिनिटं पुरतात: ऑडॅसिटीत १००० हर्ट्झचा साइन टोन ०.१ सेकंदाचा, मग ०.९ सेकंद शांतता, असं सहा वेळा. पहिला पिप ५५व्या सेकंदाला, सहावा बरोबर तासाला. म्हणजे फाइल तासाच्या पाच सेकंद आधी सुरू झाली पाहिजे.

बिग बेनचं गणित वेगळं. तासाच्या आधी वीसेक सेकंद चौघडीची धून सुरू होते आणि तासाचा पहिला ठोका म्हणजे नेमकी वेळ. शेवटचा नव्हे. नऊ ठोक्यांना अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ निवेदकाने गप्प बसायचं असतं. १० नोव्हेंबर १९४०पासून रात्री ९च्या बातम्यांआधी हे ठोके वाजू लागले, ते ऐकताना लोकांनी मनात प्रार्थना करावी अशी कल्पना होती. ठोक्यांचा आवाज हळूहळू कमी करून वर निवेदन घेण्याची आजची सवय इथे चालत नाही.

दोन कार्यक्रमांमधली जागा. नाटक पाच मिनिटं आधी संपलं तर? आजचा माणूस लगेच गाणं टाकतो. तुम्ही निवेदकाला बोलू द्या: ‘ही बीबीसीची होम सर्व्हिस. आठ वाजता...’ मग काही सेकंद काहीच नाही. त्या शांततेत रेडिओची गुणगुण ऐकू येते आणि खोलीतली माणसं घड्याळाकडे बघतात. तीस सेकंदांहून मोठी जागा असेल तर एक तबकडी लावा, पण ती तासाच्या आधी संपलीच पाहिजे. अर्धवट कापलेली तबकडी हा त्या काळच्या कंट्रोल रूममध्ये अपराध होता.

हे जमायचं तर एकच लांबलचक फाइल करू नका. दिवसभराची एक फाइल केली की पहिल्याच तासात कुठेतरी दहा सेकंद सरकतात, आणि संध्याकाळपर्यंत बातम्या पाच मिनिटं उशिरा. प्रत्येक तासाची वेगळी घडी करा, प्रत्येक तुकड्याच्या नावात सुरू व्हायची वेळ लिहा (‘०९१०’, ‘१०३०’) आणि तुकडा हाताने चालू करा. एक माणूस तुकडे चालवायला, दुसरा निवेदनाला, तिसरा फक्त घड्याळ बघायला. तिसरा माणूस जास्तीचा वाटतो, पण तो नसला की दुपारी अडीचनंतर सगळं घसरतं. संगणकाचं घड्याळ सकाळी इंटरनेटवरून जुळवून घ्या आणि खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ त्याला लावा. लोक भिंतीवरच बघतात.

रेडिओ: नाशकात मिळेल तो, पण जपून

आपल्याकडच्या घरांत फिलिप्स, मर्फी, जीईसी, नॅशनल एको यांचे व्हॉल्व्हचे (आत काचेच्या नळ्या असलेले) रेडिओ अजून माळ्यावर असतात. भारतातल्या संचांवर बहुतेक मीडियम आणि शॉर्ट वेव्ह असते, लाँग वेव्ह नाही, म्हणून लाइटचा १५०० मीटरचा काटा दाखवता येणार नाही. मीडियम वेव्हवर लाइटसाठी २४७ मीटर, लंडन होमसाठी ३३० मीटर आणि थर्डसाठी ४६४ मीटर. ही वाटणी मार्च १९५०पासूनची. वाहिनी बदलताना निवेदकाने उठून काटा तिथे नेला की बघणाऱ्यांना कळतं.

छोटा प्रक्षेपक बांधून हवेतून कार्यक्रम पाठवायचा विचार सोडा. इंटरनेटवरचे ‘कमी शक्तीला परवाना लागत नाही’ असं सांगणारे प्रक्षेपकाचे आराखडे अमेरिकेच्या नियमांवर आहेत, आपल्याकडे ते लागू नाहीत. आवाज तारेने द्यायचा. संचाच्या पाठीमागे ‘पीयू’ (पिकअप) लिहिलेली किंवा ग्रामोफोनच्या तबकडीचं चित्र असलेली दोन भोकं असतात. बटण ग्रामोफोनवर केलं की रेडिओचा पुढचा भाग बाजूला पडतो आणि बाहेरचा आवाज संचाच्या ध्वनिवर्धकात जातो. फोनचा किंवा लॅपटॉपचा हेडफोनचा आवाज तिथे पुरतो.

पण आधी मागचं झाकण उघडून व्हॉल्व्हवरचे आकडे वाचा. यूसीएच४२, यूबीसी४१, यूएल४१, यूवाय४१ असे ‘यू’ने सुरू होणारे, किंवा १२बीई६, ५०सी५, ३५डब्ल्यू४ असे आकडे दिसले, तर तो एसी-डीसी संच आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. त्याला फोनची तार लावू नका. पिन उलटी बसली तर २३० व्होल्ट फोनच्या धातूवर येतात. फोनला लावायचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर इथे संरक्षण म्हणून चालत नाही, तो त्या कामासाठी बनवलेला नसतो. ईसीएच४२, ईबीसी४१, ईएल४१, ईझेड४० असे ‘ई’चे व्हॉल्व्ह आणि आत मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर दिसला तर तो संच घ्या. तरीही प्लग काढून मल्टिमीटरने प्लगच्या दोन्ही पिनांपासून चॅसिसपर्यंत तपासा. रोध मेगओहममध्ये हवा. वाचताच येत नसेल तर जाणकाराला बोलवा, अंदाजाने पुढे जाऊ नका.

वर्षानुवर्षं बंद असलेला संच थेट लावायचा नाही. नाशकातले चार पावसाळे कागदी कपॅसिटरला पुरेसे असतात. दमट हवेने ते गळके होतात. दोन गोष्टी न तपासता बदला. एक म्हणजे पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत जाणारा कपॅसिटर. ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिएस्टर. हा गळला की ग्रिड धन होते, आउटपुट व्हॉल्व्ह अति तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्सफॉर्मर मिळवणं फार कठीण, कपॅसिटर दहा-वीस रुपयांचा. दुसरा म्हणजे मेन्सवर आडवा असलेला. तिथे २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ प्रकारच बसवा, दुसरा कुठलाही नको. फिल्टरचे जुने इलेक्ट्रोलिटिक फुगलेले असतील किंवा गुणगुण मोठी असेल तर तेही बदला. मूळ ३२ असेल तर ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. ‘जास्त घातलं की चांगलं’ म्हणून १०० घालू नका, रेक्टिफायर व्हॉल्व्ह सुरुवातीच्या झटक्याने मरतो. सुटे भाग एम. जी. रोडच्या दुकानांत विचारून बघा. जे मिळणार नाही त्यासाठी पंचवटी एक्सप्रेसने सकाळी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोड करून संध्याकाळी परत येता येतं. रविवार सोडून जा.

पहिल्यांदा चालू करताना संचाच्या वाटेत १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बंद केल्यावरही आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी उरतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून तो उतरवा, स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडू नका. व्होल्टेज निवडायची चकती मागे असेल तर ती २४० किंवा २४५वर ठेवा. आपल्याकडे रात्री उशिरा मेन्स चढतो आणि २२०वर ठेवलेला संच तापतो.

तार अशी: हेडफोनच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, त्यांची पुढची टोकं एकत्र, तिथून शिल्ड वायरने पीयूच्या एका भोकात. शिल्ड दुसऱ्यात, म्हणजे चॅसिसच्या बाजूला. दोन बाजू नुसत्या जोडल्या तर फोनची दोन्ही आउटपुटं एकमेकांशी भांडतात आणि आवाज चिरका होतो. गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुधा जाते. नाही गेली तर मधे ६००-६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. ब्लूटूथ वापरू नका. पाव सेकंदापर्यंत उशीर होतो आणि पिप्स भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाहीत. फोन विमान मोडवर, नाहीतर मिसेस डेलच्या स्वयंपाकघरात व्हॉट्सअ‍ॅप वाजतं.

फाइलवर कृत्रिम खरखर घालायची गरज नाही. मीडियम वेव्हवर आवाजाची वरची मर्यादा साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झची होती, म्हणून ५००० हर्ट्झच्या वरचं कापा, फाइल मोनो करा, बाकी संचाचा लाकडी डबा करतो. वीज गेली तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर रेडिओ भुणभुणतो.

खोली आणि माणसं

एका संचाला पंधरा बाय वीस फुटांची खोली आणि वीस-पंचवीस माणसं झेपतात. खुर्च्या रेडिओकडे तोंड करून ओळीने मांडू नका. तिथे कोणी तसं बसत नव्हतं. मटार सोलायला, विणायला, निवडायला काहीतरी ठेवा, माणसं येऊ-जाऊ द्या. १.४५च्या पंधरा मिनिटांसाठी शेजारची पाच वर्षांखालची मुलं बोलवा आणि एक गोष्ट मराठीत वाचा. सुरुवातीला ‘नीट बसलात ना? मग सुरू करते’ एवढं म्हटलं की काम झालं. ५ वाजता ‘चिल्ड्रन्स अवर’ लागतो तेव्हा जानेवारीतल्या लंडनमध्ये अंधार पडलेला असतो, नाशकात अजून ऊन असतं. पडदे ओढा, पिवळा दिवा लावा. चहाचं रेशनिंग तिथे ऑक्टोबर १९५२पर्यंत होतं, माणशी आठवड्याला दोनेक औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या जवळपास. हा आकडा चहाच्या टेबलावर लिहून ठेवा, पण खरोखर मोजून चहा देऊ नका. नाशिककर निघून जातील.

प्रसारण संपताना राष्ट्रगीत वाजायचं, जानेवारी १९५२मध्ये राजाच्या नावाने. ते आपल्या खोलीत वाजवायचं की नाही हे आधी ठरवा. आम्हाला ते फक्त वाद्यांवर, आधी सांगून आणि कोणालाही उभं राहायला न लावता वाजवणं योग्य वाटतं. कोणाला खटकणार असेल तर निवेदकाने ‘होम सर्व्हिसचं प्रसारण इथे संपलं’ म्हणून थांबावं, काही बिघडत नाही.

संच बंद केला की पीयूची तार लगेच काढा, नाहीतर कोणाचा तरी पाय अडकून संच खाली येतो. मागचं झाकण लावून अर्धा तास तसाच थंड होऊ द्या आणि मगच कापड घाला. प्लग भिंतीतून काढून तार गुंडाळून ठेवा. बदललेल्या कपॅसिटरचे आकडे आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुढच्या वेळी हात घालणाऱ्याला तेवढंच लागतं.